दुखत नसतानाची गोळी

हळू चाल गं. जमीन हालते. अण्णा एवढंच म्हणायचे, तेही ओठ न हलवता, कारण ओठ हलले की मान हलायची, मान हलली की खाट, आणि खाट हलली की पाय. दिंडोरीच्या बाजारपेठेमागं आमच्या दोन खोल्या होत्या. अण्णा पाटबंधारे खात्यात कारकून. वर्षातून दोन-तीनदा आठ-आठ दिवस रजा टाकून खाटेवर पडलेले. डावा पाय घडी केलेल्या गोधडीवर, उघडा, थंडीतसुद्धा उघडाच, कारण त्या अंगठ्याला धोतराचं टोकही सोसायचं नाही. वात आहे, असं सगळे म्हणायचे आणि तिथंच ते बोलणं संपायचं. मी आठ वर्षांची असेन. आईनं माझे पैंजण काढून फडक्यात बांधून डब्यात टाकले आणि मी चवड्यांवर चालायला शिकले. धनराज चार वर्षांचा, त्याला चालणं माहीतच नव्हतं, तो पळायचा. तो दारातून आत झेपावला की मी त्याला वरच्या वर कमरेला धरायची आणि त्याचे पाय हवेतच पळत राहायचे. बोलणंही तसंच झालं. मोठ्यानं बोललं की अण्णा दचकायचे, म्हणून जे सांगायचं ते कानापाशी जाऊन सांगायचं. आता एकसष्टाव्या वर्षी लोक म्हणतात, देवाधर्मानं बाई कशी निवली आहे, पायांचा आवाज नाही, तोंडाचा आवाज नाही. मी निवलेली वगैरे नाही. माझ्या आत ते चार वर्षांचं पोर सतत दारातून झेपावत असतं आणि मी त्याला वरच्या वर धरून ठेवलेलं असतं, इतकंच.

आज सकाळी थेंब पडला. पंचवटीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराला एक अरुंद गॅलरी आहे, तिच्यात कुंडीतली तुळस. स्नान झालं की तिला पाणी, मग देव, मग पोथीचा एक अध्याय, आणि उठल्यापासून नऊ वाजेपर्यंत मौन; आई गेली त्या वर्षापासून, म्हणजे एकोणीस वर्षं. तांब्या कलता केला, धार पडली, तांब्या सरळ केला, आणि काठावर राहिलेला शेवटचा थेंब माझ्या डाव्या अंगठ्यावर पडला. एवढासा थेंब, पण पाट्यावरून वरवंटा निसटावा तसा पडला. तोंडातून आवाज आला नाही. मौन होतं म्हणून नव्हे, सवय म्हणून. मी लगेच खाली बघितलं नाही. बघत नाही तोवर ते काहीही असू शकत होतं, काल देवळाच्या पायरीला ठेच लागली असेल, चपलेचा पट्टा काचला असेल. मग बघितलं. अंगठ्याच्या मुळाशी कातडी ताणून वांग्यासारखी चकाकत होती. मी निऱ्या खाली ओढून पाय झाकला, आणि मग मनात आलं, कुणापासून झाकला? माझे यजमान हॉलमध्ये पाठमोरे बसून पेपर वाचत होते. ते वळले असते तरी त्यांना पाय दिसला नसता. झाकला तो देव्हाऱ्यापासून. तिथून अठरा हातांची सप्तशृंगी बघत होती आणि मला वाटलं, हे तिला दिसायला नको. जणू चूक तिची होती आणि मी ती पोटात घालत होते.

गेल्या वर्षी याच फाल्गुनात पहिल्यांदा झालं. तेव्हाही रमजान चालू होता, हे लक्षात आहे, कारण डॉक्टर झेबांच्या टेबलावर पाण्याचा ग्लास होता तो माझ्यासाठी आणि त्या स्वतः सुकलेल्या ओठांनी बोलत होत्या. माझ्या लेकीच्या वयाची पोरगी. तिनं पायाला हात लावला नाही, नुसतं वाकून बघितलं आणि म्हणाली, चादरसुद्धा सहन होत नसेल ना, काकू? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चादरीचं फक्त अण्णांना आणि मला माहीत होतं, अशी माझी पन्नास वर्षांची समजूत. म्हणजे अण्णांच्या वातालाही नाव होतं, गाऊट, धनराज ज्याची गोळी घेतो तेच; मी ती दोन्ही कधी जोडून बघितली नव्हती. याची रक्ताची तपासणी होती. याला गोळी होती, आणि ती अण्णांच्या वेळीही कुठंतरी असणारच. आमच्या गल्लीपर्यंत पोचली नव्हती. अण्णा अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले, शेवटी किडन्यांनी हात टेकले, आणि आम्ही वातच म्हणत राहिलो. झेबानं मला समजावून सांगितलं होतं, अगदी पोराला सांगावं तसं. रक्तात युरिक ॲसिडचा क्षार वाढतो, आणि दोऱ्यावर खडीसाखर जमावी तसा सांध्यात जमत जातो. सूज आठ-दहा दिवसांत तशीही उतरते. खरं औषध त्यानंतरचं, ही पांढरी गोळी, रोज. ती घ्यायला लागलं की खडीसाखर विरघळायला लागते, कडा सुट्या होतात, म्हणून पहिले काही महिने मधेच दुखू शकतं, त्यासाठी सोबत ही दुसरी छोटी गोळी. घाबरून बंद करायची नाही. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाली:

"काकू, ही गोळी दुखत नसेल त्या दिवशी घ्यायची आहे. दुखत नसतं त्याच दिवसांसाठी आहे ती."

मी विचारलं, किती दिवस? मौनाचं मी तिला आधी सांगितलं होतं, नऊच्या आत फोन करू नका म्हणून. ती म्हणाली, तुम्ही मौन किती दिवसांसाठी धरलंय? निर्जळी उपास नको, पाणी भरपूर प्या, हेही सांगितलं, आणि माझा चेहरा बघून हसली. म्हणाली, रोजे चालू आहेत तरी आमच्या शफी अब्बांची बीपीची गोळी पहाटे सहरीच्या जेवणाला असते, अल्लाला चालते, तुमच्या देवीला चालेल की. मीही हसले. हसत हसत जिना उतरले. ऐकलेलं आणि आठवलेलं यांच्यामध्ये किती मोठा जिना असतो हे तेव्हा कळलं नाही.

एकोणीस दिवस घेतली. ती छोटी गोळी मात्र चौथ्या दिवशीच सोडली. पोट बिघडायचं, आणि पूजेला बसल्यावर मधेच उठावं लागणं मला सोसवत नव्हतं. हे मी झेबाला कळवलं नाही. विसाव्या दिवशी उजवा घोटा सुजला. कडा सुट्या होतील, असं तिनं सांगितलं होतं, अगदी याच शब्दांत सांगितलं होतं. पण वैशाखातल्या त्या दुपारी पाय उशीवर ठेवून पडल्यावर मला खडीसाखर आठवली नाही. मला एवढंच दिसलं की गोळी नव्हती तेव्हा एक पाय होता आणि गोळी घेतली तर दुसराही आला. समोर देव्हारा. मी म्हटलं, आई, उतरव. दर मंगळवारी निर्जळी करीन, आणि तुझ्याशिवाय दुसऱ्या कशाचा आधार धरणार नाही. पाचव्या दिवशी उतरलं. आठ-दहा दिवसांत तशीही उतरते, हे वाक्य डोक्याच्या कोपऱ्यात उभं होतं, पण आठ-दहा म्हणजे पाच नव्हेत, असं मी त्याला बजावलं. गोळ्यांचं पाकीट देव्हाऱ्याच्या खणात, हळदीकुंकवाच्या डबीखाली सारलं. फेकून दिलं नाही. का दिलं नाही, हा प्रश्न मी स्वतःला दहा महिन्यांत एकदाही विचारला नाही. दहा महिने काही झालं नाही. दहा महिने मला वाटत होतं की मी विश्वास ठेवतेय. खरं म्हणजे रोज सकाळी उठून, हात जोडायच्या आधी, मी अंगठा बघत होते.

एवढ्यावर राहतं तरी चाललं असतं. माझा पाय, माझी देवी, माझं पाकीट. पण भाऊबीज आली. धनराजला हेच दुखणं माझ्याआधी लागलेलं, पन्नाशीतच, आणि तो सहा वर्षं रोज गोळी घेत होता. दिंडोरीजवळ त्याची चार एकर द्राक्षबाग आहे. देव मानत नाही, बायको वणीला गडावर जाते तेव्हा खाली गाडीत बसून राहतो. मला चिडवायचा. ताई, तुझा देव दगडाचा, माझा पांढरा, पाकिटात राहतो, आरती सकाळी साडेसातला पाण्यासंगं. रक्ताचा रिपोर्ट आला की फोनवर पाठवायचा, पाच पूर्णांक चार, म्हणजे सहाच्या आत, खाली अंगठा वर केलेलं चित्र. अंगठाच का, म्हणून आम्ही दोघं हसायचो. गोळीचं म्हणणं त्याला डॉक्टरपेक्षा चटकन कळलं होतं, कारण तो द्राक्षवाला. डावणीची बुरशी पानावर दिसल्यावर फवारायला निघाला तो मेला, असं तो नेहमी म्हणतो. रोग दिसत नसतो तेव्हाच औषध मारायचं असतं. गावातला माणूस चांगल्या हिरव्यागार बागेत पहाटे औषध मारत फिरतो आणि बघणाऱ्याला वाटतं, याला काय वेड लागलंय. असा माझा भाऊ. ओवाळून झालं, ताटात ओवाळणीचं पाकीट ठेवता ठेवता त्यानं विचारलं, ताई, पाय काय म्हणतो? आणि मी, जिनं कधी कुणाला उपदेश केला नाही, त्याच्या कानापाशी वाकून म्हणाले, मी गोळी सोडली रे. देवीवर सोडलं, पाचव्या दिवशी उतरलं. सहा महिने झाले, काही नाही. मला वाटलं तो हसेल. हसावं म्हणूनच बहुतेक मी सांगितलं. तो हसला नाही. निरांजनाकडे बघत राहिला आणि म्हणाला, काहीच नाही? मी मान हलवली. त्याला काजूकतली दिली. त्या क्षणी मला जे वाटलं ते लिहायची लाज वाटते. मला जिंकल्यासारखं वाटलं. छप्पन्न वर्षांचा माझा भाऊ माझ्या पाटावर बसून पहिल्यांदा माझ्या देवीकडे बघत होता.

आठ वाजून गेले असतील. मी पोथीपुढं बसले होते, मांडी घालता येत नव्हती म्हणून डावा पाय लांब, झाकलेला. आसनाजवळ फोन थरथरायला लागला. सविता, धनराजची बायको. तिला मौनाचं माहीत आहे, ती नऊच्या आत कधी फोन करत नाही. थांबला. पुन्हा थरथरला, फरशीवरून ती थरथर अंगठ्यात गेली आणि मला वाटलं, हं, जमीन हालते म्हणजे हे. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी उचलून कानाला लावला आणि गप्प राहिले. मौन म्हणजे बोलायचं नाही, ऐकायला मनाई नाही, एवढी पळवाट मला मिळाली.

"ताई, तुमचं मौन हाय, मला ठावं हाय," सविता म्हणाली. "बोलू नका. नुसतं ऐका."

ती कधी इतकं बोलत नाही. धनराजपुढं तिला वाक्य पुरं करायला मिळत नाही आणि माझ्यापुढं ती नणंद म्हणून दबून असते. आज पलीकडं कुणी बोलणारच नाही हे ठाऊक असल्यामुळं असेल, ती धडाधड बोलत गेली. चार दिवस झाले, धनराजचा गुडघा सुजलाय, कलिंगडासारखा. माल तोडणीला आलाय, व्यापाऱ्याची गाडी बागेत उभी, मजूर बाया विचारतायत, आणि तो खाटेवर. नाशिकला चला म्हटलं की म्हणतो, ताईला पाचव्या दिवशी उतरलं, मलाही उतरेल, उद्या पाचवा. गोळी दिवाळीपासून बंद. दिवाळीपासून, हा शब्द तिनं मुद्दाम हळू उच्चारला, आणि लगेच म्हणाली, मी तुम्हाला बोल लावत नाय ताई. मोटारीचा आवाज येत होता, कुणीतरी कॅरेट आपटत होतं.

"गावातल्या दुकानातनं दुखायच्या गोळ्या आणल्यात. दिसातनं तीन-तीन, चार-चार. अन् लघवी कमी झालीय. मला सांगत नाय, पण मला कळत नाय का? ताई, अण्णांचं असंच झालेलं ना?"

मी भिंतीला पाठ लावली.

"ते माझं ऐकत नाय. डॉक्टरचं ऐकत नाय. म्हणत्यात, ताई खोटं बोलत नाय. तुम्ही या, अन् तुमच्याच तोंडानं काय ते सांगा. येता का? हो असंल तर फोनवर दोनदा नख वाजवा."

मी नख वाजवलं. एक. दोन. पाय सुजलाय, हे मला वाजवून झाल्यावर आठवलं. पलीकडं सविता रडली की हसली, कळलं नाही. बरं, असं म्हणून तिनं फोन ठेवला. मी ठेवला नाही. कानाशी तसाच धरून बसले, जणू अजून काहीतरी ऐकायचं राहिलंय.

वचन द्यायला आवाज लागत नाही, पाळायला लागतो. नऊला अजून पाऊण तास होता. पोथी उघडी होती. मी ओळीवर बोट ठेवलं आणि बोट पुढं सरकेना. काय सांगणार होते मी त्याला? की मलाही आज झालं? मग तो म्हणेल, मग तुझी देवी? आणि बाजूला सविता उभी असेल, जी दर चैत्रात अनवाणी गड चढते. मला माझ्या शब्दाची लाज वाटत होती, की देवीच्या? मी वर बघितलं. सप्तशृंगीची मान एका अंगाला कललेली असते, काही ऐकत असल्यासारखी. आमच्या घरी सगळे म्हणतात, ती भक्ताचं ऐकतेय. आज मला वाटलं, ती दहा महिने नुसती ऐकतेच आहे. सौदा मी मांडला, अट मी घातली, आणि तिच्या वतीनं हो म्हणालेही मीच. गोळी टाक असं ती कधी म्हणाली? तिच्या तोंडात मी शब्द घातले आणि ते भाऊबिजेला धनराजच्या कानात ओतले. कानापाशी जाऊन, हळू. मोठ्यानं बोलले असते तर निदान यांनी ऐकलं असतं, कुणीतरी वाद घातला असता. हळू बोललेल्याशी कुणी वाद घालत नाही. आणि मग एकदम अण्णांचे शेवटचे दिवस आठवले, सुजलेला चेहरा, आणि आई मोरीच्या दाराशी उभी, भांड्यात वाकून बघत, किती झालं, किती झालं. सविता आज तशीच उभी असणार. घड्याळात साडेआठला पाच कमी. अजून पस्तीस मिनिटं मी इथं बसून देवासाठी गप्प राहणार होते, की पुन्हा स्वतःसाठीच? एकोणीस वर्षांत ताप आला तेव्हा मोडलं नाही, लेकीचं लग्न होतं त्या सकाळी मोडलं नाही. मनात म्हटलं, आई, हे तुझंच आहे, सांभाळ. आणि नंबर लावला.

"झेबा," मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की पेपर खाली झाला.

"नऊ वाजले?" यांनी विचारलं.

"नाही."

झेबानं सगळं ऐकून घेतलं. लघवीचं सांगितलं तेव्हा मधेच थांबवून पुन्हा विचारलं, कधीपासून, किती, गोळ्या कोणत्या. त्या दुकानातल्या गोळ्या याच मिनिटाला बंद करायला सांगा, म्हणाली, आणि आजच त्यांना दाखवायला हवं, उद्या नाही. दुपारपर्यंत इथं आणा. तोवर लघवी अगदीच थांबली किंवा धाप लागली तर वाट बघू नका, तिथल्या सरकारी दवाखान्यात आधी न्या. मी हो, हो म्हणत होते. मग तिनं सहज विचारलं, काकू, तुमची चालू आहे ना? खिडकीत चिमण्या होत्या. मी त्यांच्याकडे बघून म्हणाले, नाही, वैशाखापासून नाही, आणि आज पाय सुजलाय. ती रागावेल असं वाटलं होतं, रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, जुनं पाकीट सापडलं तर घाबरून आज तोंडात टाकू नका, येताना घेऊन या. तुम्हा दोघांना तपासते, मग कधी सुरू करायची ते सांगते. आणि म्हणाली, मी पुन्हा तेच सांगणार आहे बरं का, त्याच शब्दांत.

सविताला फोन लावून म्हटलं, मी येतेय, तोवर एकही गोळी त्याच्या तोंडात जाता कामा नये, ताईची शपथ आहे म्हण. ती म्हणाली, तुम्हीच बोला की, फोन देते. मी नको म्हटलं. फोनवर तो हसण्यावारी नेईल. ताई, तू फोनवर कधी कुणाला ऐकू आलीस, असं म्हणेल, आणि खरंच आहे ते. त्यानं अण्णांचा पाय बघितलाय. त्याला माझा बघू दे.

खणातून पाकीट काढताना हळदीकुंकवाच्या डबीचा गोल ठसा पाकिटावर उमटलेला दिसला. हे दारात उभे होते, पेपर अजून हातात.

"मे महिन्यातच दिसलं होतं मला ते," म्हणाले. "लाईट गेली होती, वाती शोधत होतो."

"मग बोलला नाहीत?"

"तुझ्यात आणि तिच्यात मी कशाला पडू, मोहिनी?"

छत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाचा मला पहिल्यांदा इतका राग आला, आणि तो पायरीभरही टिकला नाही. जे यांनी बोलायला हवं होतं ते यांनी गिळलं, आणि जे मी गिळायला हवं होतं ते मी बोलले. दोघांनीही देवाचंच कारण पुढं केलं. स्कूटर काढतो, म्हणाले. मी म्हटलं, निमाणी स्टँडवर जाणारी रिक्षा तेवढी बोलवा, पुढं वणीची बस मिळते. परत येताना सविता जीप करेल. तुमच्यासमोर धनराज बोलायचा नाही, आणि मलाही बोलता यायचं नाही. त्यांनी मान डोलावली. मग माझ्या पायाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि आपल्या रुंद पट्ट्याच्या चपला माझ्यापुढं ठेवल्या.

त्या बसमध्ये मी पंचवीस वर्षं बसतेय. दिंडोरी आली की माहेरच्या गल्लीकडे हात जोडायचा आणि बसून राहायचं, कारण पुढं वणीला जायचं असतं, गडावर. कंडक्टरही विचारत नाही, वणीचंच तिकीट फाडतो. आज त्याला दिंडोरी म्हणून सांगावं लागेल. मोठ्यानं सांगावं लागेल.

पोथी मिटली. अर्धा अध्याय राहिला होता, तिथं वाळलेलं तुळशीचं पान घातलं. देवीला नमस्कार करताना या वेळी निऱ्या खाली ओढल्या नाहीत. पाकीट आणि पाण्याची बाटली पिशवीत टाकली. दाराशी उभी राहून बाटलीतलं अर्धं पाणी तिथंच पिऊन घेतलं. मग डावा पाय चपलेत सरकवला, पट्टा कातडीला टेकला आणि डोळ्यांपुढं क्षणभर अंधारून आलं.

आमच्या जिन्याला बेचाळीस पायऱ्या आहेत. रोज मी त्या उतरते तेव्हा शेजारच्यांना कळत नाही की कुणी गेलं. आज चवड्यावर उतरणं शक्य नव्हतं. टाच आधी, मग सगळा पाय, मोठ्या चपलेचा फटका, कठड्याला धरलेल्या बांगड्यांचा आवाज. पहिल्या पायरीला वाटलं, आता ऐकू येईल, हळू चाल गं. थांबून वाट बघितली. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून बघितलं आणि काकू, काय झालं, असं विचारलं. पाय दुखतोय, मी म्हणाले, गाऊट आहे, आणि पुढची पायरी उतरले.